राखीव खण

ढमीचं डोकं खांद्यावरून गादीवर उतरवताना तिने श्वास रोखून धरला होता. आधी ढुंगण टेकवायचं, मग पाठ, मग मान, आणि सगळ्यात शेवटी मानेखालचा आपला हात एकेक बोट करत चोरासारखा काढून घ्यायचा. करंगळी अडकली. ढमीने ओठ चोखले, मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला आणि पुन्हा झोपेत बुडाली. तिने मांजराच्या पावलांनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लॅपटॉप उघडला. सव्वा एक. नशीब जोरावर असेल तर पावणेतीनपर्यंत तिचं राज्य.

नवीन मेल एकच होती. हेडमास्तरांची.

हे काही कुठल्या शाळेचे हेडमास्तर नव्हते. जगभरातले हजारो लोक मिळून संगणकाचा जो कर्नल लिहितात, त्यातल्या तिच्या कोपऱ्याची राखण त्यांच्याकडे होती. त्यांना पटल्याशिवाय त्या कोपऱ्यात एक ओळसुद्धा आत जात नसे. त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. त्यांच्या मेलमध्ये ना नमस्कार, ना कसं काय. 'हे का?' एवढंच लिहून ते चारचारशे ओळी परत पाठवत. ऑफिसात त्यांना हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याने नेम धरून ठेवलं होतं.

आजच्या मेलमध्ये एकच शब्द होता. 'घेतलं.'

तिने तो तीनदा वाचला. मग स्क्रीन थोडी तिरकी करून, जणू उजेडात काही वेगळं दिसेल अशी, चौथ्यांदा वाचला.

"आई," ती कुजबुजली, "घेतलं."

"काय घेतलं?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई पाळणाघराचा फॉर्म भरत बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात शाईचं पेन, बाजूला पट्टी.

"माझं काम. कर्नलमध्ये घेतलं."

"मग? न घेऊन सांगतोय कुणाला." सासूबाईंनी पेन खाली ठेवलं. "उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची मास्तरला. बस तू. मी चहा टाकते."

"मी टाकते ना."

"बस गं. आज बस."

लग्नानंतरचे पहिले सहा महिने सासूबाई शेजारणींना सांगत होत्या की सून कुणा कर्नलकडे कामाला आहे, माणूस भारी कडक आहे, घरीसुद्धा काम लावून देतो. खुलासा झाला तेव्हा सगळ्यांत जास्त त्याच हसल्या होत्या. तेव्हा तिने त्यांना याच टेबलाशी समजावून दिलं होतं. खाली यंत्राचं लोखंड. वर आपण वापरतो ते प्रोग्रॅम. आणि मध्ये हा कर्नल. वरच्यांनी लोखंडाला थेट हात लावायचा नाही. यंत्रात काय आहे, काय नाही, ते कर्नलला विचारायचं.

"म्हणजे चौकशीची खिडकी," सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांची तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात गेली होती. खिडकी म्हटली की त्यांना पुढचं सांगावं लागत नसे.

तिचं काम त्या खिडकीचंच होतं. इमारतींच्या लिफ्टमध्ये बसवायच्या एका छोट्या संगणकाला कोणकोणते सेन्सर जोडलेत, दाराचा, वजनाचा, तापमानाचा, आणि त्यातला कोणता काय करू शकतो, हे वरच्या प्रोग्रॅमने विचारायचं कसं आणि कर्नलने सांगायचं कसं, याची रीत ती ठरवत होती. ऐकायला सोपं. पण कर्नलवाल्यांचा धर्म एकच: आज चालतंय ते उद्या मोडायचं नाही. एकदा उघडलेली खिडकी पुन्हा बंद करता येत नाही, तिची जागाही हलवता येत नाही. पूर्वी हीच माहिती एका लांबलचक ओळीत मिळायची. कुणीतरी सद्‌हेतूने त्या ओळीत मध्येच एक नवा शब्द घातला, आणि तिसरा शब्द म्हणजे वजन असं धरून चाललेले सगळे प्रोग्रॅम वजनाच्या जागी तापमान वाचू लागले. लिफ्टमध्ये चार माणसं आणि वजन सव्वीस.

म्हणून तिने प्रत्येक प्रश्नाला क्रमांक दिला होता. क्रमांक ओळखीचा असला तर कर्नल उत्तर देईल. नसला तर सरळ सांगेल, हा प्रश्न मला माहीत नाही. 'नाही' वेगळं आणि 'माहीत नाही' वेगळं, हे हेडमास्तरांना पटवायलाच तिचे दोन महिने गेले होते. आणि आज ज्याचं कुणाला स्वप्नही पडलेलं नाही असं काही उद्या विचारावं लागलं, तर त्यासाठी प्रश्नाच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन खण राखून ठेवले होते. रिकामे.

पहिल्या ओळी लिहिल्या तेव्हा ढमी पोटात होती, पाच महिन्यांची. आता ती बाहेर येऊन सात महिने झाले होते. मधल्या काळात काम अकरा वेळा परत आलं. रजा संपवून ती कामावर आली तेव्हा टीमलीडने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: या आवृत्तीत आत गेलं तर पुढेही हे तुझंच. नाही गेलं तर लिफ्टचा कारखाना थांबणार नाही, ते आपली काहीतरी ठिगळं लावून यंत्रं बाहेर काढतील, आणि तुला दुसरं काम शोधून देऊ. कर्नलची नवी आवृत्ती शुक्रवारी बंद होत होती. पुढची दहा आठवड्यांनी. आज बुधवार.

आणि घेतलं होतं.

सासूबाईंनी कप समोर ठेवला. साखर एक चमचा जास्त होती. आनंदाच्या दिवशी त्यांचा हात सुटतो, हे तिला आता माहीत झालं होतं. त्या पुन्हा फॉर्मकडे वळल्या. ढमीला दिवसाचे तीन तास पाळणाघरात ठेवायचं ठरलं होतं, आणि तीन तासांसाठी तीन पानी फॉर्म आला होता. सासूबाई मोठ्याने वाचत होत्या, पण कुजबुजत.

"'पूर्वीचं पाळणाघर.' नाही." पट्टी ठेवून त्यांनी रकान्यात आडवी रेघ मारली. "'वडिलांच्या कामाचा दुसरा फोन.' नाही." रेघ. "'इतर माहिती.'" जरा विचार. रेघ.

"आई, पाळणाघरवाल्या म्हणतील, आजी आहे की तपासनीस?"

"म्हणू देत."

"रिकामं सोडलं तर काय बिघडतं?"

"रिकामं म्हणजे काय?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही, की भरायचं राहिलं? वाचणाऱ्यानं काय समजायचं?"

तिला हसू आलं. दोन महिने हेडमास्तरांशी घातलेला वाद इथे एका वाक्यात निकालात निघाला होता. सासूबाईंनी पान उलटलं. दुसऱ्या पानाच्या तळाशीही 'इतर माहिती' असा रकाना होता. त्यांनी तिथेही रेघ मारली. मग तिसऱ्या पानाच्या तळाशी.

"आता सगळीकडे कशाला? पहिल्या पानावर मारली ना?"

"तीच तर गंमत आहे." सासूबाईंनी शाईवर फुंकर घातली. "आमच्याकडे एक कागद होता. पाच पानी. प्रत्येक पानाच्या तळाशी एक रकाना मोकळा ठेवलेला, पुढेमागे लागेल म्हणून. हुशारी माझीच. नियम केला, रिकामा असेल तर रेघ मारायची. पहिल्या पानावर सगळे मारायचे, कारण पहिलं पान साहेब बघायचे. बाकीची चार वाऱ्यावर. आणि मोकळी जागा दिसली की माणसाचा हात शिवशिवतो गं. कुणी खाटेचा नंबर लिही, कुणी नातेवाइकाचा फोन. एकानं तर 'चहा ३' लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"इस्पितळाच्या कागदावर?"

"इस्पितळाच्याच. दोन वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग वरून हुकूम आला, त्या रकान्यात आता गोळ्या किती ते लिहायचं. नव्या कागदांवर लिहिलंही लोकांनी. पण जुने कागद चालूच होते की. 'चहा ३'मधला चहा पुसट झाला आणि तीन तेवढे राहिले."

ती पुन्हा हसायला लागली आणि मध्येच थांबली.

"दिल्या गोळ्या?"

"नाही. वेळेवर लक्षात आलं, निभावलं." सासूबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "तेव्हापासून रेघ सगळ्या पानांवर. पहिल्यावर मारली म्हणून पाचव्याला सुट्टी नाही."

कप तोंडापर्यंत गेला होता, तो तिने तसाच खाली ठेवला.

काम नवव्यांदा परत आलं तेव्हा कुणीतरी सुचवलं होतं की एका वेळी एकाच सेन्सरबद्दल का विचारायचं, बरेच एकदम विचारता यावेत. सूचना चांगली होती. तिने ती रजेवरून आल्याच्या पहिल्या आठवड्यात घातली होती. ढमीला तेव्हा सर्दी झाली होती, आणि ती मांडीवर निजलेली असताना एका हाताने टाइप केलेलं तिला आठवत होतं. तिने ते पान उघडलं आणि बोटाने एकेक ओळ धरून वाचत गेली, शाळेत वाचायची तशी.

राखीव खण रिकामे आहेत ना, हे पाहणारी तपासणी होती. अगदी जागच्या जागी होती. पण प्रश्नांच्या ओळी ज्या फेऱ्यातून एकामागून एक आत यायच्या, त्या फेऱ्याच्या बाहेर, वर, उभी होती. पहिल्या पाहुण्याची पिशवी उघडून बघणाऱ्या आणि मागच्या अख्ख्या वऱ्हाडाला हात जोडून आत सोडणाऱ्या पहारेकऱ्यासारखी.

आज याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. प्रोग्रॅम लिहिणारे काही पाटी पुसून देत नाहीत. आधीच्या कामाचा केर त्या खणांमध्ये तसाच पडून राहतो, आणि कर्नल तिकडे पाहत नसेल तर त्या केराने कुणाचं अडत नाही. पण चार वर्षांनी कुणीतरी त्या खणाला अर्थ देईल. मग तोच केर हुकूम म्हणून वाचला जाईल. आणि केर असलेले खण तेव्हा नाकारावेत म्हणावं तर आज चालतंय ते मोडेल. राखीव जागा नावाला राहील. तिच्यात पाय ठेवता येणार नाही.

ही चूक या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिलाही होती. पहिल्या खेपेपासून तपासणी तिनेच लिहिली होती. हेडमास्तरांनी ती पाहिली होती, आणखी चौघांनी पाहिली होती. म्हणूनच नवव्या खेपेला कुणी पुन्हा पाहिली नाही. एकदा पाहिलेलं डोळा पुन्हा बघत नाही, नुसता आठवतो.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या दुसऱ्या पानावर रेघ नाहीये," ती म्हणाली.

आत ढमीने आवाज दिला. वीस मिनिटं आधीच. ती उठायला लागली तशी सासूबाईंनी हातानेच तिला बसवलं आणि गेल्या.

ती स्क्रीनकडे पाहत राहिली. 'घेतलं' तिथेच होतं. नंतर एखादी छोटी दुरुस्ती गुपचूप पाठवता आली असती. लोक पाठवतात. पण कारखाना शुक्रवारचीच प्रत उचलणार होता. बारा हजार लिफ्ट. त्या एकदा खालीवर व्हायला लागल्या की त्यांच्या प्रोग्रॅममध्ये पडलेला केरही 'आज चालतंय' यातच मोडणार. दुरुस्ती करायची तर आज. आणि आज केली तर दहा आठवडे.

आत सासूबाई ढमीला विचारत होत्या, "झाली का झोप महाराणी? मग जगाला का नाही झोपू दिलं?"

तिने लिहायला घेतलं. चार वाक्यं झाली. एक खोडलं, कारण त्यात सर्दीचा उल्लेख होता आणि हेडमास्तरांना सर्दीशी काय करायचंय. राहिलेल्या तीनमध्ये होतं ते एवढंच: कृपया हे घेऊ नका. पहिल्या ओळीपलीकडचे राखीव खण तपासले जात नाहीत. चूक माझी आहे, घरी बोलता बोलता लक्षात आली.

तिने पाठवायचं बटण दाबलं.

टीमलीडला फोन केला तेव्हा त्याने आधी पूर्ण ऐकून घेतलं. तो माणूस वाईट नव्हता. फक्त घाईत जन्मला होता.

"अगं, गप्प बसली असतीस तर कळलं असतं कुणाला?"

"आणखी चार वर्षांनी सगळ्यांना."

"चार वर्षांनी तू बढती घेऊन भलतीकडे असतीस."

"आणि माझ्या जागी आलेली पोरगी मला शिव्या देत असती."

मग तो म्हणाला, "शुक्रवार गेला तर माझ्या हातात काही उरत नाही, एवढं लक्षात ठेव," आणि जरा थांबून, "ढमी कशी आहे?"

"मजेत. तिला काय, लिफ्ट लागत नाही."

हेडमास्तरांचं उत्तर यायला एरवी तीन दिवस लागत. आज ढमीचं उकडलेलं सफरचंद संपायच्या आत आलं. तिने बोटं फडक्याला पुसली आणि उघडलं.

'काढलं. उद्या संध्याकाळी सहापर्यंत नवं द्या. सगळ्या ओळींची चाचणी जोडा. मीही पाहिलं होतं, मलाही दिसलं नाही. सांगितलंत, बरं झालं.'

चार वर्षांत त्यांनी तिला लिहिलेलं हे सगळ्यात लांब पत्र होतं. तिने ते सासूबाईंना वाचून दाखवलं. ढमीने दरम्यान वाटी पालथी करून डोक्यावर घेतली.

"माणूस बरा आहे की मग," सासूबाई वाटी काढून घेत म्हणाल्या. "उद्या सकाळी मी हिला घेऊन खाली बागेत जाते. तिकडून वाचनालयात. तिकडून कुठेही. तू दार लावून घे."

"पण तुमचे गुडघे—"

"गुडघे माझ्याबरोबर येतील. त्यांना कुठे जायचंय?"

गुरुवारी नवरा डबा विसरून गेला, सासूबाई ढमीला, तिच्या दोन टोप्यांना आणि तीन खुळखुळ्यांना घेऊन गेल्या, आणि घर इतकं शांत झालं की तिला फ्रिजचा आवाज ऐकू येऊ लागला. दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. बाहेरची तपासणी उचलून फेऱ्याच्या आत ठेवायची, बस. वेळ लागला तो चाचणीला. तिने मुद्दाम खणांमध्ये कचरा भरला. पहिल्या ओळीत, मधल्या ओळीत, शेवटच्या ओळीत. एकच ओळ असताना, चौसष्ट असताना. आधी कालच्या कामावर चालवून पाहिलं. पहिल्या ओळीतला सोडून बाकी सगळा कचरा कर्नलने हसतमुखाने गिळला. तिला मान खाली घालावीशी वाटली. मग नव्यावर चालवलं. कचरा कुठल्याही ओळीत असला तरी त्याने हात आडवा केला: हे चालणार नाही.

"शहाणा माझा," ती मोठ्याने म्हणाली, आणि घरात कुणी नाही हे आठवून गाल हातांनी झाकले.

अकराला सासूबाई आल्या. ढमीला पाजायचं होतं. ती पाजता पाजता एका हाताने स्पष्टीकरण लिहीत राहिली आणि सासूबाई भिंतीला टेकून, चपला पायात तशाच ठेवून, दहा मिनिटं डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग पुन्हा गेल्या. जाताना जिना उतरायला त्यांना किती वेळ लागला, ते ती आत बसून ऐकत होती. एक पायरी, मग थांबा. दुसरी पायरी. तळमजल्यापर्यंत तिचे हात कळफलकावर नुसते ठेवलेले राहिले.

साडेतीनला तिने काम पाठवलं. पाचला उत्तर आलं.

'ठीक आहे. एक राहिलं. काल लिहिलंत की घरी बोलता बोलता लक्षात आलं. कुणाच्या बोलण्यातून आलं असेल तर त्यांचं नाव घाला. मग घेतो.'

तिने कपाळावर हात मारला. ही तर त्यांची सगळ्यांची जुनी पद्धत. प्रत्येक कामाच्या तळाशी नावांच्या ओळी असतात. लिहिलं कुणी, तपासलं कुणी, चालवून पाहिलं कुणी, आणि चूक कुणी दाखवली. कुणी रस्त्याने जाताना एक शब्द सुचवला असेल तरी त्याची ओळ असते. तिचं स्वतःचं नाव पहिल्यांदा असंच आत गेलं होतं, दुसऱ्याच्या कामाखाली, एका चुकलेल्या आकड्यासाठी. त्या दिवशी तिने ती ओळ छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

लॅपटॉप हातावर धरून ती गॅलरीत गेली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, पाय समोरच्या स्टुलावर, मांडीवर ढमी. ढमी त्यांच्या चष्म्याची काडी चोखत होती.

"आई, तुमचं नाव घालतेय."

"कुठे?"

"कर्नलमध्ये. चूक तुम्ही दाखवलीत ना. हेडमास्तर म्हणतात, नाव घाला तरच घेतो."

"मी कुठे दाखवली? मी आपलं बोलले." पण त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी काडी सोडवून घेतली, चष्मा पुसला. "कोण वाचणार ते?"

"कुणीही. जगातलं कुणीही."

"आणि किती दिवस राहतं?"

"कायमचं. एकदा गेलं की कुणाला खोडता येत नाही. मलाही नाही, हेडमास्तरांनाही नाही."

सासूबाईंचा चष्मा पुसून झाला होता, तरी पदराचं टोक काचेवर फिरतच राहिलं. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून पाहत होतं. ढमीने आता त्यांचा अंगठा धरला होता आणि तो कुणाचा आहे याची खात्री करून घेतल्यासारखी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"मग माझं नको घालूस," त्या म्हणाल्या.

"असं काय करता! संकोच कसला त्यात?"

"संकोच नाही गं." त्यांनी चष्मा घातला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "वेळेवर लक्षात आलं म्हणाले ना मी काल, ते माझ्या नाही आलं. तीन नंबरच्या वॉर्डात एक सिस्टर होती. माझ्याहून लहानच. पाळी संपवून घरी जायचं सोडून माझ्या टेबलाशी आली. पाच पानं पुढे पसरली आणि म्हणाली, बाई, बघा हे, ही रेघ सगळ्या पानांवर हवी. उभ्या उभ्याच. पाय सुजलेले तिचे. मी बस म्हणालेसुद्धा नाही."

"मग?"

"मग मी ते नीट लिहून वर पाठवलं. नियम झाला. साहेबांचं शाबासकीचं पत्र आलं, माझ्या नावानं. चांगल्या कागदावर." सासूबाईंनी ढमीच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढला. "तिला मी ते दाखवलं नाही. सांगू सांगू म्हणत राहिले आणि तिची बदली झाली. तुझ्या सासऱ्यांनासुद्धा कधी बोलले नाही मी हे."

ती खाली फरशीवर बसली, लॅपटॉप गुडघ्यावर घेऊन.

"तिचं नाव चालेल?" सासूबाईंनी विचारलं. "ती कुठे आहे, आहे की नाही, मला काही माहीत नाही. पत्ता नाही माझ्याकडे."

"चालेल."

"तिला कळायचं नाही."

"नाही."

"बरं. तरी लिही."

आणि त्यांनी नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, न अडखळता, आठवायला एक क्षणही न घेता. तिने टाइप केलं. चूक दाखवणाऱ्याच्या ओळीत, तिच्या स्वतःच्या नावाच्या वर.

"वाच बघू."

तिने वाचलं. सासूबाईंनी मान हलवली आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

तिने पाठवलं. तिघी गॅलरीत बसून राहिल्या. ऊन समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर चढलं. सहाला दहा मिनिटं असताना लॅपटॉप वाजला.

"काय म्हणतात?"

"घेतलं."

सासूबाईंनी ढमीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस तू," त्या म्हणाल्या. "ऊठ. आणि मलाही वाढ थोडं."